कालबाह्य कळफलक आणि अक्षराची कल्पना

१

यंत्राबरोबर आलेले कौशल्य यंत्राबरोबरच जाते, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकाच्या इतिहासातील कालबाह्य कौशल्यांची यादी करावयाची तर ती सहज लांबेल. ऐंशी स्तंभांच्या पंच कार्डावर माहिती छिद्रित करणे, ती कार्डे क्रम न चुकविता लावून ठेवणे, डॉसच्या आज्ञा मुखोद्गत असणे, मोठा मजकूर अनेक फ्लॉप्यांवर वाटून नेणे ही तिची काही उदाहरणे. मराठीपुरते बोलावयाचे तर या यादीत आणखी एका कसबाची भर घालावी लागेल. रेमिंग्टन धर्तीच्या कळफलकावर देवनागरी अक्षरे तुकड्यातुकड्यांनी जुळवून लिहिण्याचे कसब ते हेच.

अशा कौशल्यांविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. पुढच्या पिढीला त्यांची गरज पडणार नाही, सबब त्यांचा विचार करण्याचे कारण नाही, हे पहिले मत. दुसरे मत हळहळीचे आहे. जुन्या टंकलेखकाची बोटे कशी चालत, न पाहता ओळ कशी उतरे, याचे कौतुक करून ते थांबते. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. कौशल्य म्हणजे बोटांची हालचाल, असे दोन्ही पक्ष मानतात. एकाला ती हालचाल निरुपयोगी वाटते, दुसऱ्याला रम्य वाटते, एवढाच फरक.

प्रस्तुत लेखात या गृहीताचीच चिकित्सा करावयाची आहे. कोणत्याही लिपीचे लेखन यंत्रावर करावयाचे म्हणजे त्या लिपीचे घटक कोणते आणि त्यांचा क्रम कोणता, याविषयी काही निर्णय अगोदर घ्यावा लागतो. हा निर्णय म्हणजे लिपीचे एक विश्लेषणच होय. हाताचे कसब कालबाह्य झाले तरी त्यामागील विश्लेषण ज्या मजकुरात मुरले आहे तो मजकूर शिल्लक राहतो, आणि तो वाचावयाचा तर ते विश्लेषण ठाऊक असावे लागते. पुढच्या पिढीला ते कसब नको असेल. त्याचे व्याकरण मात्र तिला हवे आहे, असे येथील प्रतिपादन आहे.

२

या प्रश्नाचा विचार एखाद्या विशिष्ट परिसराच्या आधाराने केला तर तो अधिक स्पष्ट होतो. पुण्याहून मुंबईच्या दिशेने जाताना हॅरिस पुलावरून मुळा नदी ओलांडली की दापोडी लागते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचे हे पुण्याकडील तोंड. येथे राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि पलीकडे कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची रांग सुरू होते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालचा. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली आणि दापोडी तिच्या हद्दीत आहे.

भाषिक दृष्टीने या वस्तीचे वैशिष्ट्य असे की, लेखनव्यवहाराच्या तीन व्यवस्था येथे शेजारी शेजारी नांदतात. महामंडळ आणि महानगरपालिका यांच्या कचेऱ्यांत मराठीला स्थान आहे. राज्यकारभाराची भाषा मराठी ठरविणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाची छाया या व्यवहारावर आहे. केंद्र सरकारच्या संस्थांत १९६३ च्या राजभाषा अधिनियमानुसार हिंदी आणि इंग्रजी यांचे राज्य. कारखान्यांच्या पत्रव्यवहारात प्रामुख्याने इंग्रजी. नोकरी शोधणाऱ्या तरुणाने कोणत्या दारात उभे राहावयाचे यावर त्याने कोणता कळफलक शिकावयाचा हे ठरे. टंकलेखनाचे वर्ग हे अशा औद्योगिक वस्त्यांचे एक ठळक अंग होते ते याच कारणाने. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे प्रमाणपत्र हे त्या वर्गांचे साध्य. आणि लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला तीस किंवा इंग्रजीत चाळीस शब्दांची गती ही अट आजही जाहिरातींतून दिसते.

या अटीत मोजली जाते ती गती. मजकूर बिनचूक असावा अशी अपेक्षा तिच्यात अर्थातच गृहीत आहे. परंतु तो लिहिताना अक्षराची फोड कशी केली, याची विचारणा तिच्यात नाही. यंत्रावर हे योग्यच होते. टंकलेखन यंत्रातून निघते ती कागदावरील शाई. तेथे अक्षर कोणत्या क्रमाने जुळले याचा मागमूस उरत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमका तो क्रमच साठविला जातो. टंकलेखनाच्या वर्गातील सवय संगणकावर जशीच्या तशी नेली गेली, तेव्हा या फरकाकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

३

रेमिंग्टन धर्तीच्या देवनागरी कळफलकाचे स्वरूप प्रथम पाहू. यंत्राच्या कळा मर्यादित. वरची आणि खालची अशी दोन्ही खूण धरली तरी सुमारे नव्वद जागा मिळतात. शिशाच्या खिळ्यांनी छापणाऱ्या मुद्रणालयात देवनागरीसाठी कित्येक शेकडा खिळे लागत. एवढ्या विस्ताराचे नव्वद जागांत संक्षेपीकरण करावयाचे म्हणजे अक्षरांचे दृश्य तुकडे पाडणे भाग होते. ते असे पाडले गेले : ‘क’, ‘त’, ‘प’, ‘म’, ‘ल’, ‘स’ यांना पूर्ण आणि अर्धी अशी दोन रूपे, तर ‘ख’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’, ‘श’, ‘ष’, ‘ण’ यांची केवळ अर्धी रूपे. अर्ध्या रूपापुढे कान्याची कळ दाबली की पूर्ण अक्षर तयार होई. म्हणजे ‘भ’ हे स्वतंत्र अक्षर राहिले नाही. अर्धा ‘भ’ आणि काना यांची ती बेरीज झाली.

क्रमाविषयीही असाच निर्णय झाला. जे चिन्ह कागदावर डावीकडे दिसते ते आधी उमटवावयाचे. म्हणून ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी. ‘निर्मिती’ हा शब्द या पद्धतीने लिहावयाचा तर कळांचा क्रम असा होतो : ऱ्हस्व वेलांटी, न, ऱ्हस्व वेलांटी, म, रफार, त, दीर्घ वेलांटी. उच्चारात ‘र्’ हा ‘मि’ च्या आधी येतो. बोटांच्या क्रमात तो ‘मि’ पूर्ण झाल्यावर येतो.

या पद्धतीला केवळ यांत्रिक तडजोड म्हणून नाकारता येणार नाही. हाताने लिहितानाही रफार शेवटीच दिला जातो. ‘रफार’, ‘वेलांटी’, ‘काना’, ‘मात्रा’ ही जी नावे मराठी शाळेत मुलाच्या कानांवर पडतात ती ध्वनींची नावे नव्हेत, रेखांची आहेत. रेमिंग्टन कळफलकाने लेखनिकाच्या हाताची ही परंपराच यंत्रावर नेली. अक्षर हे डोळ्याला दिसणारे चित्र आहे आणि ते रेखांच्या जुळणीतून सिद्ध होते, अशी ही उपपत्ती आहे. ती अपुरी आहे, पण अडाणी नाही. देवनागरी मुद्राक्षरांच्या या सर्व प्रश्नांची विस्तृत चर्चा बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रकाशित केलेल्या ग्रंथात आहे; मुद्रण आणि टंकलेखन यांच्या सोयीसाठी लिपीच बदलावी असे सुचविणाऱ्या चळवळीही याच काळातील. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणण्याची शिफारस केली होती. १९५७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. यंत्रासाठी डोळ्याची सवय बदलण्याचा तो प्रयत्न समाजाने स्वीकारला नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

४

दुसरी उपपत्ती इन्स्क्रिप्ट कळफलकाची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने हा कळफलक १९८६ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आणला. तिच्याशी जोडलेली इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेले जिस्टचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले, आणि संगणकात बसविण्याच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागल्या. दापोडीपासून अगदी जवळच हे घडत होते.

इन्स्क्रिप्टची रचना पाहिली म्हणजे वर्णमालेचा तक्ताच बोटांखाली मांडला आहे असे दिसते. स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. अल्पप्राण व्यंजन साध्या कळेवर, त्याचा महाप्राण जोडीदार त्याच कळेच्या वरच्या खुणेवर : क-ख, ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. ऱ्हस्व इकार आणि उकार मधल्या ओळीत, त्यांचे दीर्घ रूप लगेच वरच्या ओळीत. स्वरचिन्ह साध्या कळेवर, स्वराक्षर वरच्या खुणेवर. अर्धे अक्षर नाहीच. व्यंजनानंतर हलन्त चिन्ह दाबावयाचे आणि पुढील व्यंजन लिहावयाचे. जोडाक्षराचे रूप कोणते दिसावे हे यंत्राने ठरवावयाचे. ‘निर्मिती’ येथे न, इकार, र, हलन्त, म, इकार, त, ईकार अशी लिहिली जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. तेव्हा हीच उपपत्ती पुढे सर्वत्र प्रस्थापित झाली.

या पद्धतीला ‘ध्वन्यात्मक’ म्हणण्याचा प्रघात आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे विशेषण सैल आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ चे दोन उच्चार मराठी कान वेगळे करतो. इन्स्क्रिप्टला एकच ‘च’ ठाऊक आहे. ‘ज्ञ’ चा मराठी उच्चार ‘द्न्य’ च्या जवळ जातो. कळफलकावर आणि साठवणीत मात्र तो ज, हलन्त आणि ञ असाच असतो. म्हणजे हा क्रम उच्चाराचा नसून परंपरागत वर्णव्यवस्थेचा आहे. त्याला वर्णानुक्रमी म्हणणे अधिक योग्य. अक्षर हे वर्णांच्या संयोगातून सिद्ध होते, अशी ही उपपत्ती आहे. पहिली उपपत्ती लेखनिकाची, दुसरी वैयाकरणाची.

५

या दोन उपपत्तींमधील भेद केवळ तात्त्विक राहिला असता तर त्याची चर्चा येथे थांबविता आली असती. परंतु १९९० नंतरच्या पंधरावीस वर्षांत कचेऱ्यांतून आणि मुद्रणालयांतून जे मराठी लिहिले गेले त्यातील फार मोठा भाग पहिल्या उपपत्तीनुसार साठविला गेला. कारण सरळ होते. टंकलेखन शिकलेली बोटे उपलब्ध होती. त्यांना नवे वळण लावण्यापेक्षा संगणकालाच जुने वळण लावणे सोपे होते. मराठी-हिंदी फॉन्ट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले. संगणक रोमन अक्षर साठवी, पडद्यावर देवनागरीचा तुकडा दिसे. फॉन्ट हाताशी असेपर्यंत हा भ्रम टिके. कृतिदेव फॉन्टमधील ‘निर्मिती’ हा शब्द फॉन्ट काढून घेतल्यास एफ, यू, एफ, ई, झेड, आर, एच अशा रोमन अक्षरांची निरर्थक माळ होऊन उरतो. शिवाय प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी. जे तुकडे कळफलकावर मावत नसत त्यांच्यासाठी ऑल्ट कळ दाबून संख्या लिहावी लागे, आणि अशा संख्यांचे तक्ते पडद्याशेजारी चिकटविलेले असत.

या मजकुरावर भाषाशास्त्रीय काम करू गेल्यास काय होते, हे तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण वर्णक्रमाचे. अशा मजकुराची शब्दसूची यंत्राकडून करविली तर ‘किरण’, ‘गिरणी’, ‘दिवस’, ‘निर्मिती’, ‘विचार’ हे सर्व शब्द एकत्र येतात. कारण त्या सर्वांचा आरंभ, साठवणीत, ऱ्हस्व वेलांटीने होतो. कोशकाराच्या दृष्टीने ही सूची निरुपयोगी. लेखनिकाच्या उपपत्तीच्या दृष्टीने मात्र ती पूर्ण सुसंगत आहे.

दुसरे उदाहरण वारंवारतेचे. ‘भाषा’ हा शब्द या पद्धतीने लिहिला असता त्यात काना चार वेळा येतो : एक ‘भ’ पूर्ण करण्यासाठी, एक आकारासाठी, एक ‘ष’ पूर्ण करण्यासाठी आणि पुन्हा एक आकारासाठी. वर्णांची मोजणी करणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर मराठीतील ‘आ’ चे प्रमाण त्याला वास्तवापेक्षा कितीतरी अधिक दिसेल. चूक यंत्राची नसेल. काना म्हणजे ‘आ’ असे मानणाऱ्या संशोधकाची असेल.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना काही ठरावीक चुका होतात, आणि त्या महाजालावरील जुन्या मराठी मजकुरात आजही सर्रास आढळतात. ‘आर्थिक’ चे ‘आथिर्क’ होते; ‘निर्मिती’ ची ‘निमिर्ती’ होते; ‘सामर्थ्य’ चे ‘सामथ्र्य’ होते; ‘विद्यार्थ्यांना’ चे ‘विद्याथ्र्यांना’ होते. वाचक या रूपांना शुद्धलेखनाच्या चुका समजतो. त्या तशा नाहीत. कोणताही मराठी माणूस हाताने ‘आथिर्क’ लिहिणार नाही.

या चुकांचे दोन वर्ग पडतात. ‘आथिर्क’ मध्ये वेलांटी तिच्या व्यंजनाच्या मागे नेलेली आहे, पण रफार जागचा हललेला नाही. म्हणून तो पुढच्या ‘क’ वर जाऊन बसला. रूपांतर करणाऱ्याला वेलांटीचा नियम ठाऊक होता, रफाराचा नव्हता. ‘सामथ्र्य’ मध्ये रफाराचा नियम आहे, पण तो अपुरा आहे. रफार एका वर्णाच्या मागे न्यावयाचा, एवढेच तेथे गृहीत धरले गेले; म्हणून तो ‘य’ ओलांडून ‘थ्’ पाशी थांबला. वस्तुतः रफाराने ओलांडावयाचे असते ते संपूर्ण अक्षर : त्यातील सर्व व्यंजने आणि त्यांवरील स्वरचिन्ह यांसह. ‘कीर्ती’ मध्ये तर त्याला दीर्घ वेलांटीही ओलांडावी लागते. नाहीतर ‘कीतीर्’ असे रूप मिळते. रफाराचे क्षेत्र वर्ण नसून अक्षर आहे, हा नियम टंकलेखक प्रत्येक ओळीत पाळीत होता. त्याने तो कधी शब्दांत मांडला नाही, कारण त्याला तशी गरज पडली नाही. रूपांतराची आज्ञावली लिहिणाऱ्याला गरज होती. परंतु त्याच्याजवळ ते कसब नव्हते. दोघांच्या मधल्या जागेत ‘आथिर्क’ जन्माला आले.

६

या प्रकारच्या चिकित्सेची परंपरा पुण्याला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णतेस नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे तिचे सर्वश्रुत उदाहरण होय. एका लिपीतील पोथी दुसऱ्या लिपीत उतरविताना कोणते अक्षर कोणत्या अक्षरासारखे दिसते हे ठाऊक असल्याशिवाय पाठभेदाचे कारण सांगता येत नाही, ही पाठचिकित्सेची प्राथमिक अट आहे. ‘सामथ्र्य’ हा अशाच अर्थाने एक पाठभेद आहे. त्याचा उगम मूळ प्रतीच्या लेखनपद्धतीत शोधावा लागतो. फरक इतकाच की, येथे मूळ प्रत तीनशे वर्षांपूर्वीची नसून तीस वर्षांपूर्वीची आहे, आणि ती लिहिणारा लेखनिक कदाचित दापोडीत किंवा पिंपरीत हयात आहे.

याच्याशी जोडून मोडीचा विचार करणे अपरिहार्य होते. मुद्रणासाठी देवनागरी स्वीकारली गेली, शाळांतून मोडीचे शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्यास थांबले, आणि नव्या पिढीला मोडीची गरज नाही हे सर्वमान्य झाले. व्यवहारापुरते ते खरेच होते. परंतु पेशवे दप्तर मोडीतच राहिले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, तरी रुमालांतील उरलेला संग्रह आजही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहतो. व्यवहारातून गेलेले कसब येथे विद्येचे साधन झाले. मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. अक्षर लागले नाही तरी ते अक्षर आहे एवढे कळते. फॉन्ट हरविलेल्या फाइलीत मात्र मराठी आहे की नाही, हेही कळावयास मार्ग उरत नाही.

७

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रूपांतराचे नियम एकदा नीट लिहिले की काम संपले. मग जुने कसब विसरण्यास हरकत नाही. रफारापुरते हे मान्य करता येईल. परंतु नियम लिहावयाचे तर ते कोणत्या फॉन्टचे, हा प्रश्न उरतो. आणि एकाच फॉन्टमध्ये काम करणारे लोकही अडलेल्या जागी वेगवेगळ्या युक्त्या करीत. मराठीतील ‘ऱ्य’ हे याचे उत्तम उदाहरण होय. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अर्थाचा भेद आहे आणि तो केवळ या चिन्हाने दाखविला जातो. हिंदीला या चिन्हाची गरज नाही. म्हणून हिंदीसाठी बांधलेल्या मांडणीत त्याला स्वतंत्र जागा असण्याचे कारण नव्हते. तेथे मराठी लिहिणाऱ्याला दुसऱ्या एखाद्या खुणेवर काम भागवावे लागे किंवा रफारावर समाधान मानावे लागे. कोणी काय केले हे फॉन्टच्या तक्त्यात सापडणार नाही. ते लिहिणाऱ्याला विचारूनच कळेल.

दुसरा आक्षेप असा की, युनिकोडने हे सर्व प्रश्न आता मिटविले आहेत. हे विधानही तपासून पाहावयास हवे. ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या आवृत्तीत. त्यापूर्वीचा मजकूर ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन किंवा ‘ऍ’ वापरून लिहिलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत स्थान दिले, ही योग्य दिशेची पायरी होती. तथापि आधी लिहिलेल्या मजकुराला तो निर्णय लागू होऊ शकत नाही. म्हणजे वैयाकरणाची उपपत्ती स्वीकारल्यानेही लेखनाचा इतिहास संपत नाही. त्याचे आणखी थर साठत जातात.

उलट बाजूने पाहिले असता असेही दिसते की, कसब आणि साठवण यांची फारकत आता शक्य झाली आहे. रेमिंग्टनच्या क्रमाने टंकन करू देणारे आणि साठविताना मात्र युनिकोडचा क्रम राखणारे कळफलक उपलब्ध आहेत. वेलांटी आधी दाबली तर यंत्र व्यंजनाची वाट पाहते आणि मग दोहोंची अदलाबदल करते. जुन्या बोटांना यामुळे आश्रय मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्याचबरोबर एक गोष्ट सिद्ध झाली : लेखनिकाचे विश्लेषण नियमांत मांडता येते, ते केवळ सवयीचा भाग नाही. जे नियमांत मांडता येते ते शिकविता येते, आणि जे शिकविता येते ते विद्येच्या कक्षेत येते.

८

आजचा तरुण या दोन्ही कळफलकांपासून दूर आहे. तो रोमन अक्षरांत शब्द लिहितो आणि यंत्राने सुचविलेल्या रूपांतून एक निवडतो. या तिसऱ्या पद्धतीमागेही एक उपपत्ती आहे : शब्द म्हणजे कानाला जाणवलेले एक ढोबळ रूप, आणि त्याचे लेखन म्हणजे यादीतील निवड. रेमिंग्टन वापरणाऱ्याला ‘पाणी’ लिहिताना अर्धा ‘ण’ आणि काना जुळवावा लागे. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्याला ‘न’ आणि ‘ण’ यांच्या कळा वेगळ्या ठेवाव्या लागत. ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय दोघांनाही स्वतः घ्यावा लागे. रोमनातून लिहिणाऱ्याच्या बाबतीत हा निर्णय बऱ्याच अंशी यादीने घेतलेला असतो. लिहिणारा फक्त संमती देतो. यात काही अनर्थ आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु एकविसाव्या शतकातील मराठी लेखनाचा अभ्यासक जेव्हा ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या अदलाबदलीवरून बोलीविषयी अनुमान काढू लागेल, तेव्हा ती अदलाबदल लिहिणाऱ्याच्या जिभेची की यादीतील पहिल्या रूपाची, हे त्याला प्रथम ठरवावे लागेल. आजचे कसबही उद्या कालबाह्य होणार आहे, आणि त्याचेही व्याकरण कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

तेव्हा कालबाह्य कौशल्याची पुढच्या पिढीला गरज नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. दापोडीच्या टंकलेखन वर्गात शिकलेली मिनिटाला चाळीस शब्दांची गती यापुढे कोणाला नको असेल. त्या गतीच्या आत रफाराचे क्षेत्र, कान्याचे दुहेरी कार्य आणि वेलांटीचे स्थान यांविषयीचे जे ज्ञान होते ते मात्र त्या काळच्या मराठीची किल्ली आहे. कचेऱ्यांतील ठराव, लहान नियतकालिकांचे अंक, विद्यापीठांतील प्रबंध, गावोगावच्या स्मरणिका या सर्वांच्या संगणकीय प्रती अशा फॉन्टांत अडकून पडल्या आहेत. जेथे छापील प्रत उरली नसेल तेथे तीच एकमेव प्रत आहे.

यासाठी करावयाचे काम आटोक्यातील आहे. प्रत्येक प्रचलित फॉन्टचा तुकडानिहाय तक्ता, त्याच्या क्रमाचे नियम आणि लिहिणाऱ्यांनी अडलेल्या जागी केलेल्या युक्त्या अशा तीन अंगांनी नोंद व्हावयास हवी. पहिली दोन अंगे फॉन्टवरून सिद्ध करता येतील. तिसरे अंग केवळ माणसांपाशी आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत ही बोटे तयार झाली. त्यांतील बहुतेक माणसे सेवेतून निवृत्त झाली आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत. बोलींच्या सर्वेक्षणात वृद्ध निवेदकाचे महत्त्व भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. लेखनाच्या सर्वेक्षणातही निवेदक असतो, आणि त्याचेही वय होते.